चालत्या गाडीतून मरण सांगू नये

बाबा,

काल कळंबच्या नाक्यावर मी तुमच्या मरणाची बातमी पुन्हा ऐकली. माझ्याच आवाजात. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, आणि काल भर दुपारी, भाजीच्या गाड्यांच्या मधोमध, भोंगा मलाच सांगत होता की तुम्ही गेलात. अर्धंच वाक्य झालं. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ एवढं वाजलं आणि काकांनी घाईघाईनं बटण दाबलं, तशी मोबाइलच्या दुकानाची जाहिरात सुरू झाली. काका म्हणजे तुमचे रिक्षावाले दोस्त. त्यांनी रिक्षा चालवायची आणि तुम्ही माईक धरायचा, असं तुम्ही दोघांनी निम्मं आयुष्य काढलंत. आता ते एकटेच फिरतात. बोलत नाहीत, पेनड्राइव्ह लावतात. त्या पेनड्राइव्हवर सेलच्या आणि गाद्यांच्या जाहिरातींमध्ये तुमचं मरण अजून पडून आहे, आणि चुकीचं बटण लागलं की वाजतं. मला समोर बघून बिचारे इतके गडबडले की उतरताना एक चप्पल रिक्षातच राहिली. “बाय, तू? आगं चुकून लागलं गं. मुद्दाम नाय लावलं.” मी म्हटलं, असू दे हो काका. पण ते अर्धं वाक्य अजून कानात आहे, म्हणून तर हे लिहायला बसले.

मुलाखतीत मला विचारतात, तुम्ही या क्षेत्रात कशा आलात? मी काहीतरी गोड सांगते, शाळेतलं वक्तृत्व वगैरे. खरं सांगायचं तर आपल्या घरात माईक आधी आला, गॅस नंतर. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी, तिच्याशेजारी तुम्ही, आणि माईकला बांधलेला तुमचा निळा चौकडीचा रुमाल, फुंकर लागू नये म्हणून. पोलिओचा डोस, हरवलेली म्हैस, कबड्डीचे सामने, उद्या लाईट जाणार, कर्जतच्या दुकानात साड्यांचा सेल. कळंबपासून कोंडाण्याच्या पायथ्यापर्यंत लोकांना काय कळायचं ते तुमच्या तोंडून कळायचं. आणि मयत. सकाळी कुणी दारात आलं आणि चहा नको म्हणालं, की आई न विचारताच तुमचा सदरा काढून ठेवायची. तुम्ही आधी त्या घरी जाऊन यायचात, मयताच्या पायाशी हात जोडायचात, आणि मगच गाडीत बसायचात. न बघितलेल्याचं मरण सांगणार नाय, म्हणायचात.

मी नऊ वर्षांची असेन. मी त्यांच्या चिंचा पाडल्या म्हणून शेजारच्या काकूंनी मला झोडपलं होतं. मी चुलीपाशी बसून, हातात पळी धरून, तुमचा आवाज काढून त्यांच्या मयताची बातमी सांगत होते. झक्क जमलं होतं. आई हसायला लागली, आणि तुम्ही पडवीतून आत आलात. तुम्ही मला कधी हात लावला नाहीत, तेव्हाही नाही. पळी माझ्या हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, “ती जिती बाई हाय. इथं बसून मारलीस तू तिला. जा, तिच्या हातचं जेवून ये.” मी रडत शेजारी गेले. काकूंना काहीच ठाऊक नाही. त्यांनी जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली, वर म्हणाल्या, “का रडतंस गं बाय? चिंचांचं डोक्यातून काढ.” तो घास मला अजून गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला रिक्षात घेतलंत आणि शिकवलंत. “पहिलं गाव सांगायचं. मग घर. मग माणूस. शेवटी येळ. लोकं कामात असतात गं, कोण भाकरी थापतंय, कोण बैल धुतंय. गावाचं नाव कानावर पडलं की हात थांबतो. घराचं नाव आलं की माणूस उभा ऱ्हातो. मग त्याला माणसाचं नाव सांगायचं. उभ्या माणसाला सांगायचं, बसल्याला नाय.” आणि चालत्या गाडीतून मरण सांगू नये. काकांनी इंजिन बंद करायचं. तुम्ही माईकवर दोन टिचक्या मारायच्या आणि गप्प बसायचं, कुत्री भुंकायची थांबेपर्यंत. ती शांतता ऐकूनच बायका दारात यायच्या. कोण गं, कोण गं, असं एकमेकींना हातानं विचारायच्या. मग तुम्ही बोलायचात. पुढे दर रविवारी मी तुमच्याबरोबर फिरले, म्हशी शोधल्या, सेल लावले, पण मयत तुम्ही मला कधी सांगू दिलं नाहीत. मी हट्ट केला तेव्हा म्हणालात, “माझं सांग. तवर थांब.” तुम्ही हसत होतात. काका पण हसले. मी ते पक्कं लक्षात ठेवलं.

रेडिओच्या आवाजचाचणीला निघाले तेव्हा तुम्ही तो निळा रुमाल धुऊन, घडी घालून दिलात. मी तो पर्समधून काढलाच नाही, लाज वाटली. काचेपलीकडचे साहेब म्हणाले, आवाज सोन्यासारखा आहे, पण भाषेला शेतातला चिखल लागलाय, तेवढा धुऊन या. मी धुतला. वर्षभर आरशासमोर उभी राहून आहे, नाही, आम्ही, तुम्ही असं घोकलं. घरीसुद्धा तसंच बोलायला लागले. आई म्हणायची, “आली बातम्यावाली. जेवायला बसा हो, म्हणते. आगं, मी तुझी आय हाय!” दुसऱ्या खेपेला मला घेतलं. तिथला पहिला नियम, तीन सेकंदांपेक्षा जास्त शांतता गेली तर ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं. शांतता म्हणजे गुन्हा. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मी म्हटलं, बघा, तीन सेकंद कधीच होऊन गेले. तेव्हा कुठे हसलात.

मग काय, गाडी सुसाट सुटली. रेडिओवरची सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, मग दुसरं खासगी केंद्र, मग टीव्हीवर दुपारचा बायकांचा कार्यक्रम. खालापूरला लग्नात गेले तर लोक नवरी सोडून माझ्याबरोबर फोटो काढायला लागले. आईला काय आनंद! तुम्ही मात्र टीव्हीसमोर डोळे मिटून बसायचात. मी चिडून विचारलं, झोपता काय माझ्या कार्यक्रमात? तर म्हणालात, “तोंड ठाऊक हाय तुझं. आवाज बघतो.” बरं, मग कसा आहे आवाज? तुम्ही तुमच्या त्या माईकवरच्या ठेक्यात सांगितलंत, “छान बोलतेस. कोण बोलतंय ते कळत नाय.” नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. वाटलं, रिक्षात बसून म्हशी शोधणारा माणूस मला शिकवतो! हे मी तोंडानं बोलले नाही, पण पंधरा दिवस फोनही केला नाही. तुम्हाला कळलंच असणार.

तुमचा घसा बसला तो त्यानंतर दोन वर्षांनी. डॉक्टरांनी बोलायचंच बंद करा म्हणून सांगितलं. त्याच सुमाराला आपल्याकडे शेतं विकून प्लॉट पाडायचं वारं सुटलं होतं, आणि अशाच एका प्लॉटवाल्याची जाहिरात माझ्या आवाजात होती. ‘निसर्गाच्या कुशीत, आपल्या स्वप्नातलं घर!’ ती वाजवायचं काम फिरत फिरत तुमच्याच रिक्षाकडे आलं. काका गाडी चालवायचे, मी भोंग्यातून बोलायचे, आणि तुम्ही मागे बसायचात, हातात बंद माईक धरून. थांबाल तिथे घोगऱ्या आवाजात सांगायचात, माझी पोर हाय ती. पावसाळा गेला, दिवाळी गेली, रोज तेच. लोक इतके वैतागले की लांबून आवाज आला तरी पोरं ओरडायची, आला रं आला, पलाटवाला आला! एकदा फोनवर कुजबुजत तुम्ही मला सांगितलंत, “तुझा आवाज आला का लोकं दारं लावून घेतात बघ.” आपण दोघं किती हसलो होतो.

पौषातली सकाळ होती. सहाच्या सभेसाठी मी स्टुडिओत शिरत होते आणि काकांचा फोन आला. दादा गेले गं बाय. एवढंच बोलून ते कितीतरी वेळ नुसते हुंदके देत होते. मग म्हणाले, “बाराला न्यायचं ठरलंय. गावांना सांगायला पायजे. मला नाय जमणार, माझं तोंडच उघडत नाय. तू ये. मी कर्जतला ठेसनाभायेर रिक्षा लावतो. माईक तू धर. दादा तुलाच सांगून गेलेत ना?” निघाले असते तर साडेआठला कर्जतला होते. सगळी गावं झाली असती. पण माझ्या डोळ्यांसमोर काय आलं सांगू? टीव्हीवरची बाई रिक्षात बसून भोंग्यात रडतेय, आणि नाक्यावरची पोरं मोबाइल वर करून उभी आहेत. मी काकांना म्हटलं, मी इथूनच रेकॉर्ड करून पाठवते, वेळ वाचेल. उंटावरून शेळ्या हाकल्या मी, बाबा. तुमच्या मयताच्या दिवशी.

आणि आता ते सांगते जे आईला ठाऊक नव्हतं, काकांना ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. मी दोनदा बोलले. पहिल्यांदा लाल दिवा लागला तशी माईकवर दोन टिचक्या मारल्या आणि थांबले. किती थांबले कोण जाणे. मग तोंडातून आपोआप आलं, “कळंबकरांनो… कोंडाणेकरांनो… वरच्या आळीतलं माईकवाल्याचं घर हाय ना… माझे बाबा गेले हो. बाराला नेणार हायेत. या तुमी सगळे. या.” शेवटच्या ‘या’ला आवाज फाटला, आणि पुढे नुसतं नाक ओढल्याचा आवाज. काचेपलीकडच्या पोरानं हातानं विचारलं, पुन्हा घेऊ या? मी मानेनंच हो म्हटलं. पाणी प्यायले. टिचक्या नकोत, शांतता नको, हाय-नाय नको. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, परिसरातील सुपरिचित व्यक्तिमत्त्व…’ अशी सुरुवात केली, तुमचं नाव सगळ्यात शेवटी. एका दमात झालं. त्या पोरानं अंगठा वर केला. मी ते हेडफोन लावून एकदा ऐकलं, आणि देवाशपथ सांगते, मला आवडलं. पहिलं पुसून टाक म्हटलं, दुसरं काकांना पाठवलं, आणि सहाची सभा करूनच निघाले. सुप्रभात म्हटलं मी लोकांना.

अकराला घरी पोचले. तुम्ही नेहमी म्हणायचात, माझ्या मयताला कळंबचा रस्ता बंद पडला पायजे. तीस-पस्तीस माणसं होती अंगणात. भाऊबंद, शेजारी, मामा. साडेअकराला काका आले, घामानं निथळत. सगळी गावं केली म्हणाले, कोंडाण्याच्या पायथ्यापर्यंत, प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद करून लावलं. आम्ही थांबलो. बारा झाले. मामा म्हणाले, येतील, लांबची माणसं हायत. साडेबारा झाले. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते. एक दुधाचा टेंपो आला, तो हॉर्न वाजवत तसाच पुढे गेला. एक वाजता तुम्हाला उचललं. शेजारच्या काकू, त्याच, माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, “आगं, त्यांनी आख्ख्या तालुक्याचं मयत सांगितलं. आणि त्यांच्या येळेला कोनीच कसं नाय गं?”

तिसऱ्या दिवशी कोंडाण्याकडचे एक म्हातारे आले. त्यांच्या वडिलांच्या वेळी तुम्ही गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन बातमी सांगितली होतीत, माईक डोक्यावर धरून. ओट्यावर बसले आणि कपाळ बडवून घेतलं. “बाजारात कळलं गं मला. काल कळलं! आमी आवाज ऐकला ना त्या दिशी. पन आमाला वाटलं पलाटाची जायरात हाय. सुनंनं उठून दार लावलं.” आणखी तिघंचौघं होती, सगळ्यांनी माना डोलवल्या. आमच्याकडं पन तसंच झालं. बाईचा आवाज, मयत सांगतेय कशाला वाटंल? आई माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, बाबा, शब्दांवर जगणारी बाई, तिथल्या तिथे बोलून गेले, “भोंगा खराब होता. शब्दच कळले नसतील.” सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “वायर जरा ढिली हाय खरी. दादा सांगत होते बदल म्हणून.” त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिलं ते निमित्त, आणि मी घेतलं.

वायर ढिली असेल, पण आवाज स्वच्छ गेला होता. लोकांनी ऐकला म्हणूनच तर दारं लावली. एवढं साधं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी बोलले होते ना, आणि माझ्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसतो. गावात बोल मात्र काकांना लागला. दोस्ताच्या मयताला वायर बदलली नाय, असं पोरंसोरंसुद्धा म्हणायला लागली. त्यानंतर त्यांनी एकही मयत घेतलं नाही. आता बातमी मोबाइलच्या ग्रुपवर येते, हात जोडल्याची चित्रं पडतात, आणि लोक भाकरी थापता थापता बघतात. त्याच वर्षी मला निवेदनाचं बक्षीस मिळालं. ते आईनं तुमच्या फोटोशेजारी ठेवलं, मी गुपचूप उचलून कपाटात टाकलं. तेव्हापासून कुठेही अचानक माझा आवाज कानावर आला, दुकानात, लिफ्टमध्ये, फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणताना, की अंगावर काटा येतो. वाटतं, आता हिच्या तोंडून कुणाचं नाव येतंय! आणि लाल दिवा लागला की मला रोज दोन टिचक्या ऐकू येतात. रोज. मी थांबत नाही. तीन सेकंदांच्या आत बोलायला लागते.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, त्याचं काही नाही. मेलेल्याला कुठे पत्ता असतो! पण ज्याला पोचायला हवं त्याचा पत्ता मला पाठ आहे. कळंबचा नाका, वडाखालची तिसरी रिक्षा. लिहिताना दोनदा वाटलं, उद्या जावं आणि त्यांच्या हातात द्यावं. नाही देणार. मी मला ओळखते, बाबा. घडी घालून तुमच्या निळ्या रुमालात बांधून ठेवणार, बस.

एक सांगायचं राहिलं. काल काकांनी मला टपरीवर चहा पाजला. मी म्हटलं, पुसून का टाकत नाही हो ते पेनड्राइव्हवरचं? म्हणाले, “कसं पुसू? दादांचं नाव हाय त्यात.” मग कपाकडे बघत म्हणाले, “ती वायर मी अजून ठेवलीय घरात. खिळ्याला टांगून. रोज बघतो. माझ्यामुळं झालं गं बाय ते. तुमच्या घराला तोंड दाखवायची लाज वाटते.” मी तोंड उघडलं. खरंच, सगळं जिभेवर आलं होतं, त्या पहिल्या वेळचं, पुसून टाकलेलं. टपरीवर माणसं होती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि टीव्हीवर बोलते त्या आवाजात म्हटलं, “जाऊ द्या काका. मी तुम्हाला कधीच माफ केलंय.” ते लहान मुलासारखे रडले. हात जोडले मला. आणि मी उरलेला चहा संपवून गाडीत बसले.